कॉर्न स्नेक आणि आओदाइशो यांच्या जोडीविषयी

सातारा

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. तुझ्याकडची कॉर्न स्नेक या अमेरिकन सापाची मादी वयात आली आहे आणि शेजारच्या पेटीतल्या आओदाइशो या जपानी सापाच्या नराशी तिची जोडी लावावी, असे तुझ्या मनात आहे. तू माझे मत मागितले आहेस, म्हणून सरळ लिहितो: ही जोडी लावू नकोस.

दोघेही रॅट स्नेक, दोघेही उंदरांना विळख्यात आवळून मारणारे, दोघांचीही गुणसूत्रे ३६, आणि जुन्या पुस्तकांत तर दोघे एलाफे या एकाच प्रजातीत. त्यामुळे ते जवळचे नातलग वाटावेत हे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेतल्या रॅट स्नेकांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या भूसेतूवरून तिकडे गेले त्याला २ कोटींहून अधिक वर्षे लोटली, आणि त्याच शाखेतून पुढे किंगस्नेक व बुलस्नेक निघाले. म्हणजे तुझ्या मादीला कॅलिफोर्नियाचा किंगस्नेक हा आओदाइशोपेक्षा जवळचा आहे. २००२ साली अमेरिकन जाती पँथेरोफिस या वेगळ्या प्रजातीत घातल्या गेल्या त्या याच कारणाने. (आपला तस्कर सापही पूर्वी एलाफेतच होता, त्यालाही तिथून हलवले.) कॉर्न आणि किंगस्नेक यांचा संकर, ज्याला तुमच्याकडे ‘जंगल कॉर्न’ म्हणतात, जगतो आणि पुढे वीणही देतो, त्यामागे हेच नाते आहे.

अशा जोड्या कशा लावतात हे तू जाणतोस. हिवाळाभर दोघांना थंडाव्यात ठेवायचे, मग नराच्या पेटीत त्याच्याच जातीच्या मादीची ताजी कात टाकायची, आणि तो जीभ लवलवत, अंगाला झटके देत तिचा माग काढू लागला की ऐन वेळी परकी मादी आत सोडायची. नर गंधावरच भरवसा ठेवतो, आणि त्या भरवशाचाच आपण गैरफायदा घेतो. मला हे पटत नाही. बरे, इतके करूनही मादीच्या वाट्याला पिवळट, मेणचट, आक्रसलेली वांझ अंडी येण्याचीच शक्यता जास्त, आणि ती घालताना तिची शक्ती मात्र तेवढीच खर्च होते. पिल्ले निघालीच, तर जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांचा १९२२ सालचा नियम आडवा येतो: ज्या लिंगात दोन लिंग-गुणसूत्रे वेगवेगळी असतात, तेच लिंग संकरात आधी वांझ ठरते किंवा दगावते. सापांत ते लिंग मादीचे. (हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरलाच वारले.)

पण माझी खरी चिंता पिल्ले निरोगी निघाली तर काय, ही आहे. तू त्यांची नोंद चोख ठेवशील यात शंका नाही. परंतु तिसऱ्या हाताला गेल्यावर ती नोंदीची चिठ्ठी गळून पडते. कॉर्न आणि एमरी रॅट स्नेक यांच्या संकरातून आलेला फिकट नारिंगी ‘क्रीमसिकल’ बघ. त्याची पिल्ले पुन्हा कॉर्नशी जोडली की दोन पिढ्यांत नुसत्या नजरेने ओळखू येत नाहीत आणि कॉर्न म्हणूनच विकली जातात. जपानमध्ये इवाकुनी येथे याच आओदाइशोचे पांढरे, लाल डोळ्यांचे साप पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहेत. तेथील लोक त्यांना बेंझाइतेनचे, म्हणजे आपल्या सरस्वतीचेच, दूत मानतात, आणि १९२४ सालापासून त्यांना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. वंश जपणे म्हणजे काय, हे तिथे दिसते.

इकडे गावोगाव मी अजून हेच सांगत फिरतो की धामण ही नागाची मादी नव्हे, आणि सापांच्या ज्या ‘जुळणी’वर लोक नवे कापड टाकतात ती बहुधा दोन नर धामणींची झुंज असते. तेव्हा हौसेखातर मुद्दाम संकर करण्याला तुला होकार देणे मला जमणार नाही.

पिल्ले हवीच असतील, तर तुझ्या मादीचा मूळ प्रदेश ज्याच्याकडून ती घेतलीस त्याला विचार आणि त्याच भागातला, नोंद असलेला कॉर्नचा नर शोध. साउथ कॅरोलायनातल्या ओकीटी परिसराचा वंश नावानिशी जपणारे पाळणारे तुमच्याकडे आहेत. आओदाइशोसाठी त्याच्याच जातीची मादी पाहा, आणि तोवर दोघांच्या पेट्यांची झाकणे नीट लागतात ना, ते तपास. नराची माहिती हाती आली की खरेदीआधी मला कळव. वंशनोंद आपण दोघे मिळून पाहू.

तुझा,
माधव