येथवर ज्याने आणले

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. वहिनींच्या तपासण्यांचा निकाल अजून हाती आलेला नाही, त्यातच तुझा करार पुढे वाढवायचा की नाही याबद्दल कंपनीने मौन धरले आहे, आणि मध्यरात्री एकदा जाग आली की पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, हे सारे तू आडपडदा न ठेवता लिहिलेस, याबद्दल मी तुझा आभारी आहे. काळजी करू नकोस, असे मी तुला लिहिणार नाही. ज्याच्या घरातले माणूस आजारी आहे, त्याला काळजी वाटणारच, आणि ती वाटते म्हणून त्याचा विश्वास कमी पडला असे मी मानत नाही.

पण तुझ्या पत्रातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ‘मागच्या वेळी देवाने सांभाळले हे मला मान्य आहे, पण या वेळची गोष्ट वेगळी आहे,’ असे तू लिहिले आहेस. हे वाक्य खोटे नाही. म्हणूनच त्याला उडतउडत उत्तर देऊन चालणार नाही, असे मला वाटते.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात नेमकी हीच अडचण आहे. अध्यायाच्या सुरुवातीला मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक समुद्रातून कोरड्या वाटेने पार झाले आहेत, त्यांचा पुढारी मोशे गीत गातो आहे, त्याची बहीण मिर्याम डफ घेऊन पुढे आली आहे. आणि त्याच अध्यायात, तीन दिवसांची चाल झाल्यावर, तेच लोक मारा नावाच्या ठिकाणी कडू पाण्यापाशी उभे राहून कुरकुर करीत आहेत. या लोकांना कृतघ्न म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. मला मात्र त्यांची अडचण कळते. समुद्रापाशी पाण्याने वाट अडवली होती. येथे प्यायला पाणी नव्हते. पाणी दुभंगते हा अनुभव तहानेच्या वेळी कसा उपयोगी पडावा, हे त्यांना उमगले नाही, आणि उमगण्यासारखे ते नव्हतेही. देवाने तेथे समुद्राचा चमत्कार पुन्हा केला नाही. त्याने मोशेला एक झाड दाखवले, ते पाण्यात टाकल्यावर पाणी गोड झाले. मागच्या सुटकेवरून पुढच्या सुटकेचा मार्ग त्यांना ओळखता आला नसता, पण सोडवणारा कोण आहे हे मात्र ओळखता आले असते. तुझ्या बाबतीतही मी एवढेच म्हणतो आहे. या वेळची गोष्ट वेगळी आहे, हे मान्य; पण ती ज्याच्या हाती आहे तो वेगळा नाही.

आठवण करणे हा काही मंत्र नव्हे, हेही मी जाणतो. बायबलच्या स्तोत्रांमधले आसाफ या गायकाचे 77 वे स्तोत्र मला फार जवळचे वाटते ते याचसाठी. सुरुवातीलाच तो सांगतो की रात्रभर त्याचा हात पसरलेला आहे, डोळ्यांना झोप नाही, आणि देवाची आठवण झाली की तो कण्हतो. पुढे तो पूर्वीचे दिवस आठवतो, रात्री आपण गात होतो ते गीत आठवतो, आणि त्या आठवणीतून समाधान निघण्याऐवजी एकामागून एक सहा प्रश्न निघतात. प्रभू आपला कायमचा त्याग करील काय, तो पुन्हा प्रसन्न होणारच नाही काय, त्याची दया सरली काय, त्याचे वचन संपले काय, तो कृपा करण्याचे विसरला काय, रागाच्या भरात त्याने आपला कळवळा आवरून धरला काय. हे प्रश्न कोणा नास्तिकाचे नाहीत. मुख्य गवयाच्या हाती सोपवलेल्या, उपासनेत गायच्या स्तोत्रातले आहेत. तेव्हा ते मध्यरात्री तुझ्या मनात आले तर लाज बाळगू नकोस. ते मोठ्याने देवाला विचार.

त्यानंतर, 11 व्या वचनापाशी, स्तोत्राला वळण मिळते. तोपर्यंत आसाफ स्वतःचे बरे दिवस आठवत होता. आता तो परमेश्वराची कृत्ये आठवू लागतो. वरवर पाहता हा फरक लहान आहे, पण मला तो फार मोलाचा वाटतो. आपले बरे दिवस आठवले की आजचा दिवस अधिकच भकास वाटतो: तेव्हा घरात सगळ्यांची प्रकृती ठणठणीत होती, तेव्हा पगाराची चिंता नव्हती, तेव्हा रात्री झोप लागत होती. तू पत्रात असेच दिवस आठवले आहेस, आणि त्यांनी तुला अधिकच रडवले आहे. पण त्याहून मागच्या कठीण दिवसांत देवाने काय केले हे आठवू लागलास तर ती आठवण आजच्या दिवसाच्या विरोधात उभी राहत नाही, उलट त्याच्या सोबतीला येते. शेवटी आसाफ समुद्रातल्या वाटेपाशी पोहोचतो आणि देवाला म्हणतो की तुझ्या पावलांचे ठसे कोणालाच दिसले नाहीत. जे पार झाले त्यांनाही दिसले नाहीत! मोशे व अहरोन यांच्या हातून कळपाप्रमाणे नेलेल्या लोकांचा उल्लेख होतो आणि स्तोत्र संपते. आसाफाचे स्वतःचे संकट टळले की नाही, याबद्दल एक शब्दही त्यात नाही.

आता मी तुला तुझ्याच एका वहीची आठवण करून देतो. तुझी मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली तेव्हा तू निळ्या पुठ्ठ्याची एक वही जवळ बाळगत होतास. रुग्णालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून तू तीत डावीकडे तारीख, मधे ग्रॅममध्ये तिचे वजन, आणि उजवीकडे त्या दिवशी डॉक्टर किंवा परिचारिका जे म्हणाल्या ते लिहीत असायचास. एका दिवशी वजन आदल्या दिवसापेक्षा कमी भरले होते, आणि तो आकडा तू इतका दाबून लिहिला होतास की पुढच्या पानावर त्याचा ठसा उमटला होता. त्याच्याखाली, बहुधा संध्याकाळी, दुसऱ्या शाईने लिहिले होतेस, ‘आज चमच्याने थोडे दूध घेतले. प्रभो, तुझे उपकार.’ ती वही मला तू स्वतः दाखवली होतीस.

ती काढ आणि सावकाश वाच. शेवट सुखाचा झाला म्हणून तुला त्या दिवसांचे भय आज लहान वाटते. ज्या संकटाचा शेवट ठाऊक आहे ते संकट मागे वळून पाहताना नेहमीच हलके दिसते, आणि ज्याचा शेवट ठाऊक नाही ते डोंगराएवढे. पण त्या पानांवर लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नव्हता. तोही म्हणत होता की अशी वेळ पूर्वी कधी आली नव्हती. तुला आठवत नसेल, पण माझ्याशी बोलताना तू तेव्हाही हेच म्हणाला होतास, आणि तेव्हाही ते खरेच होते. तरीही दर संध्याकाळी तुला लिहिण्याजोगे काहीतरी सापडत होते.

इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडली तेव्हा घडलेली एक गोष्ट मला या संदर्भात महत्त्वाची वाटते. कापणीचा हंगाम होता, नदी दुथडी भरून वाहत होती, आणि याजकांचे पाय पात्राच्या मध्यभागी जेथे स्थिर उभे होते तेथूनच, दर वंशाचा एक याप्रमाणे, 12 माणसांनी त्या दिवसाची आठवण म्हणून 12 दगड खांद्यावर उचलून आणले. हे काम पाणी परत येण्याआधीच करणे भाग होते. नंतर त्या दगडांपर्यंत कोणाचा हात पोहोचला नसता. तू व्हरांड्यात बसून जे लिहिलेस ते याच जातीचे होते. आजही, या दिवसांतही, असे काही हाताशी येत असेल तर ते लिहून ठेव. वहिनींना सकाळी चार घास गोड लागले, शेजाऱ्याने न मागता डबा आणून दिला, एखाद्या रात्री दोन तास सलग झोप लागली; हे लिहिण्याइतके मोठे नाही असे समजू नकोस.

संदेष्टा शमुवेल याने मिस्पा आणि शेन या ठिकाणांच्या दरम्यान उभा केलेला दगडही तुला ठाऊक आहे. ‘येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले’, असे म्हणून त्याने त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, हे नाव दिले. पण 1 शमुवेल या त्याच पुस्तकाच्या 4 थ्या अध्यायात एबन-एजर हेच नाव एका पराभवाच्या कथेत येते. त्या ठिकाणी इस्राएलाने तळ दिला होता, पलिष्टी लोकांनी त्यांचा मोड केला, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, शत्रूच्या हाती गेला आणि एली या याजकाचे दोन्ही पुत्र मारले गेले. शमुवेलाला हे नाव नवे नव्हते, आणि तरीही त्याने तेच निवडले. पराभव झाकून ठेवणारी आठवण त्याला नको होती, असे मला वाटते.

मलाही ती नको आहे. माझ्या आईच्या आजारपणात आपण उपास केले, मंडळीने रात्री जागून प्रार्थना केल्या, तरी ती गेली. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तरवारीने मारतो आणि दुसरा शिष्य पेत्र याला देवाचा दूत तुरुंगातून बाहेर आणतो. मंडळी एक, प्रभू एक, आणि एकाला सुटका तर दुसऱ्याला मरण का, याचे कारण तेथे दिलेले नाही. म्हणून मागे मुलगी वाचली तशा वहिनीही बऱ्या होतील, असा हिशेब मी तुझ्यासमोर मांडणार नाही. तसे व्हावे म्हणून मी रोज देवाच्या पाया पडतो, पण मागचे उपकार हे पुढच्या निकालाचे हमीपत्र आहे असे सांगण्याचा मला अधिकार नाही.

मी जे सांगू शकतो ते माझ्या अनुभवाचे आहे. जन्मभर मरणाला भ्यालेल्या माझ्या आईचे भय शेवटच्या आठवड्यांत कोठे गेले हे मला कळले नाही, पण ते गेले होते. ती 23 वे स्तोत्र म्हणायची आणि आम्हांलाच धीर द्यायची. तिच्यामागे कितीतरी महिने मला प्रार्थनेचा एक शब्द उच्चारता येत नव्हता, तेव्हा तू उपासनेनंतर माझ्या घरी येऊन, मला काहीही म्हणायला न लावता, माझ्या वतीने मोठ्याने प्रार्थना करीत असायचास. त्या काळात देवाने तुला कसे सांभाळले, असे कोणी विचारले तर मी तुझे नाव सांगतो. त्याचा विश्वासूपणा माझ्या दारात तुझ्या पायांनी चालत आला, आणि हे मी कृतज्ञतेने, शब्द तोलून लिहितो आहे.

रानात इस्राएल लोकांना देवाकडून सकाळी मिळणारे अन्न म्हणजे मान्ना; त्याबद्दल एक गोष्ट सांगून हे पत्र आवरते घेतो. दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा तेवढा टिकत असे. पण देवाच्याच आज्ञेने एक ओमरभर, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या वाट्याइतका, मान्ना पात्रात घालून पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवण्यात आला, तो खाण्यासाठी नव्हे, पुढच्यांनी पाहावा म्हणून. त्या पात्राकडे पाहून कोणाचे पोट भरले नसेल. त्या दिवसाचा मान्ना त्या दिवशी सकाळी वेचावाच लागे. तुझ्या वहीनेही आजची भूक भागणार नाही. ती वाचून झाल्यावर आजच्या दिवसापुरते मागण्यासाठी तुला गुडघे टेकावेच लागतील, आणि उद्या पुन्हा. पण आज रानात काही उगवणार आहे की नाही अशा शंकेने बाहेर पडणे वेगळे, आणि ते पात्र पाहून बाहेर पडणे वेगळे.

मुलगी आता प्रश्न विचारण्याच्या वयाची झाली आहे, आणि घरात काहीतरी बिनसले आहे हे तिला कळल्यावाचून राहिले नसेल. जमल्यास ती वही तिच्याबरोबर बसून वाच. तिचे स्वतःचे वजन एके काळी किती होते आणि तेव्हा तिच्यासाठी कोण कोण प्रार्थना करीत होते, हे तिला तिच्या बापाच्या अक्षरात वाचू दे.

निकालाच्या दिवशी मी रजा काढून येतो आहे. मोबदल्याची भाषा करू नकोस आणि येऊ नकोस असेही म्हणू नकोस. वेळ कळली की फोन कर, रात्र असली तरी कर. शब्द सुचत नसतील तर या वेळी तू गप्प बस, मोठ्याने प्रार्थना मी करीन. वहिनींना माझा सलाम सांग, मुलीला आशीर्वाद.

तुझाच,
स्नेहांकित मित्र