पोर बोलत नाही, दोष भाषेला

मा. संपादक,
स. न.

‘घरात तीन-तीन भाषा, मग पोर बोलणार कसं?’ हे आम्ही दोन वर्षं ऐकलं. सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, शेजारी कन्नड आणि रस्त्यावर मराठी, यात नवल ते काय? त्यात माझा मुलगाही उशिराच बोलायला लागला होता, म्हणून नातवाबद्दल आम्ही निर्धास्त.

बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, घरातलं तेलुगू बंद करा. केलं. त्याच्या आजीला मराठी अडखळत येतं. ती बिचारी त्याच्याशी बोलेनाशीच झाली. नुसतं जेवू घालायची.

खरं तर खुणा डोळ्यांसमोर होत्या. नावाने हाक मारली तरी वळायचा नाही, पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली. बोट दाखवून कधी काही मागितलं नाही. माझं मनगट धरून माठापाशी न्यायचा. मागावरच्या कांड्या मात्र रंगाप्रमाणे ओळीत लावत तासन् तास बसे. आम्हाला कौतुक, कारखानदार होणार म्हणून!

चौथ्या वर्षी कान तपासले, ते ठणठणीत निघाले. मग डॉक्टरांनी निदान केलं स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं. जास्त भाषा कानावर पडल्याने हा प्रकार होत नाही, आजीला तिच्या भाषेत बोलू द्या, हेही त्यांनीच सांगितलं. आता तो चित्रांची कार्डं दाखवून हवं ते मागतो. तोंडून आलेला पहिला स्पष्ट शब्द ‘नीळ्ळु’, म्हणजे पाणी. आजीने त्या दिवशी तांब्याभर पाणी आणून दिलं, तो एक घोट पिऊन निघून गेला.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, दाखला मिळतो, हेही आम्हाला फार उशिरा कळलं. कुणी सांगितलंच नाही.

माझी मागणी एवढीच आहे. 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान मूल लसीच्या डोसला येतंच. तेव्हा आईला दोन प्रश्न विचारा: हाक मारल्यावर बघतो का? बोटाने काही दाखवतो का? आणि ते तेलुगू-कन्नडमध्येही विचारा. आमच्या सुनेला तेव्हा मराठीत विचारलं असतं, तर तिने नुसती मान डोलावली असती.

एक आजोबा,
पूर्व भाग, सोलापूर