लॉरेलचा बोर्ड बघून मागे फिरू नकोस

मिरज, जि. सांगली

प्रिय प्रसाद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. अमेरिकन गिटारवादक जे मॅस्किसच्या नावाची ती जॅझमास्टर, फेंडरच्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडची इलेक्ट्रिक गिटार, तुला आवडली, नेक (गिटारीची मान) हातात बसला, आवाज मनासारखा निघाला, आणि तरी तू ती दुकानातच ठेवून घरी आलास. का, तर फिंगरबोर्ड (नेकवर बोटांखाली येणारी लाकडाची पट्टी) रोझवुडचा नाही, इंडियन लॉरेलचा आहे, आणि कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलं की हे वेळ मारून न्यायचं लाकूड आहे. वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तुझं जे बरोबर आहे ते. जॅझमास्टर आणि रोझवुड यांचं नातं जुनं आहे. १९५८ साली ही गिटार आली तेव्हा रोझवुडचा बोर्ड असलेली ती फेंडरची पहिलीच गिटार. त्याआधी त्यांचे नेक अख्ख्या मेपलचे असत. मेपल वाजवून वाजवून मळकट दिसायला लागतो, गडद लाकडावर ते कळत नाही, हेही त्या बदलामागचं एक कारण सांगतात. मॅस्किसच्या स्क्वायरवरही सुरुवातीला रोझवुडच होतं, लॉरेल मागाहून आलं. इथपर्यंत तुझं म्हणणं मान्य. पण मागाहून आलं म्हणजे कमअस्सल, हे मला पटत नाही.

२ जानेवारी २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं डाल्बर्जिया या अख्ख्या प्रजातीच्या व्यापारावर निर्बंध आणले. रोझवुड आणि आपला शिसव याच प्रजातीतले. ब्राझीलच्या रोझवुडचा व्यापार तर १९९२ पासूनच जवळजवळ बंद आहे. यामागचं मोठं कारण गिटारी नव्हत्या, चीनमधल्या भारी फर्निचरची मागणी होती. त्या मागणीपायी जंगलंच्या जंगलं रिकामी होत होती. गिटारच्या बोर्डाला लागते ती लाकडाची एक पातळ पट्टी. पण नियम आला तो सगळ्यांनाच. परदेशी विकायला जाणाऱ्या रोझवुडच्या गिटारींमागे कागदपत्रं आली. महागड्या गिटारीला हा खर्च आणि खोळंबा झेपतो, एका देशात बनून जगभर विकल्या जाणाऱ्या स्वस्त गिटारीला झेपत नाही. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर कारखान्यांनी वाट बदलली होती. रोझवुडच्या जागी दुसरी लाकडं आली: मेक्सिकोत बनणाऱ्या फेंडरवर पाउ फेरो, स्क्वायर आणि एपिफोन या स्वस्त ब्रँडवर लॉरेल, गिटारवादक स्टीव्ह वायच्या परवडणाऱ्या जेम ज्युनिअर गिटारीवर जाटोबा, जॅक्सनच्या जेएस मालिकेत अ‍ॅमरॅन्थ.

पाउ फेरोलाही लोक अशीच नावं ठेवतात. पण ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनच्या नावाची फेंडर स्ट्रॅट १९९० च्या दशकापासून पाउ फेरोच्या बोर्डानिशी विकली जाते. ती अमेरिकेत बनलेली, चांगली महाग गिटार आहे. तिच्याकडे बोट दाखवून कुणी हलकं लाकूड म्हणत नाही. तेच लाकूड स्वस्त गिटारीवर आलं की मात्र तडजोड ठरतं. मला हा लाकडाचा निवाडा वाटत नाही, किमतीच्या चिठ्ठीचा वाटतो.

आता लॉरेलचं. हे झाड तुला माहीत आहे, प्रसाद. शिराळ्याच्या पुढे चांदोलीच्या बाजूला आपण फिरायचो तेव्हा मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेली उंच झाडं दिसायची ना? तो ऐन. ज्याला गिटारवाले इंडियन लॉरेल म्हणतात, तो हाच. खेड्यातल्या जुन्या घरांच्या तुळया, शेतीची अवजारं यांना हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरलंय. विदर्भात याच झाडाच्या पाल्यावर टसर रेशमाचे किडे पोसतात. ऐन म्यानमार, थायलंड, व्हिएतनामकडेही वाढतो, त्यामुळे तुझ्या गिटारीवरचा तुकडा सह्याद्रीतलाच असेल असं मी म्हणणार नाही. पण जे लाकूड पावसाळ्यामागून पावसाळे घराचं छप्पर पेलतं, ते सहा तारांखाली टिकेल की नाही याची काळजी तू करू नकोस.

राहिला आवाजाचा प्रश्न. तार दाबतोस तेव्हा ती कशावर टेकते? फ्रेटवर, म्हणजे बोर्डात बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्टीवर. मॅस्किसच्या गिटारीला जंबो फ्रेट आहेत, उंच आणि रुंद. बोट नीट पडलं तर लाकडाला जेमतेम लागतं. तार फ्रेट आणि ब्रिज (गिटारीची घोडी) यांच्यामध्ये कंप पावते, खाली पिकअप ते टिपतो, पुढे अँप. या सगळ्यात बोर्डाचा वाटा असेलही, पण पिकअप, तारा आणि तुझा हात यांच्यापुढे तो फार लहान आहे. ऐकून कुणी लॉरेल आणि रोझवुड वेगळे ओळखेल, यावर मी पैज लावणार नाही. बोटाला फरक कळतो, तो मात्र खरा आहे. लॉरेल जरा कोरडं, फिकट आणि रेषारेषांचं असतं. रोझवुडचा तेलकट मऊपणा त्याला नाही.

मिरजेत राहून हे मला जास्त कळलं. सतारमेकर गल्लीत कधीही जा, तुणाच्या लाकडाच्या दांड्या भिंतीला टेकून वाळत असतात. कारागीर लाकूड हातात घेतो, उलटंपालटं करून रेषा सरळ आहेत का बघतो, टकटक करून ऐकतो. ते किती मुरलंय हा त्याचा पहिला प्रश्न. आणि लाकडापलीकडचीही एक गोष्ट आहे. पूर्वी सतारीची घोडी सांबरशिंगाची असायची, नक्षीकामाला हस्तिदंत लागायचा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू ते थांबलं. आता उंटाचं हाड येतं, फायबरही येतं. म्हणून मिरजेची सतार मागे पडली का? २०२४ मध्ये इथल्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीवर कानस फिरवून जवारी (सतारीचा तो गुंजणारा नाद) काढणारा हात तोच आहे, आणि आवाज त्या हातातून येतो. मला यात शिसवाच्या बाजूनंही बोलायचंय. जंगलात उभा राहिलेला शिसव मला गिटारीवरच्या शिसवाइतकाच मोलाचा वाटतो. चांगला पर्याय मिळत असेल तर तो मनापासून घ्यावा.

तेव्हा बघायचं असेल तर हे बघ. अंगठा नेकच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरव. फ्रेटची टोकं टोचली तर लाकूड नीट वाळायच्या आधी बोर्ड बसवलाय. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, मग टोकं बाहेर येतात. स्वस्त गिटारीत खरी काटकसर इथे होते, आणि रोझवुड असलं तरी होते. एक छोटी स्टीलची पट्टी तीन फ्रेटवर आडवी ठेव. डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे, तिथे तार बझ करणार. मग बोर्ड उजेडात धर. रेषा नेकच्या लांबीत सरळ धावत असाव्यात, भेग किंवा कच्ची फिकट जागा नसावी. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी समोर असतील तर दोन्ही बघ, लॉरेलचा रंग प्रत्येक तुकड्याला वेगळा पडतो.

घरी आणल्यावर तारा उतरव आणि बोर्डाला तेल दे. गिटारचं फिंगरबोर्ड ऑइल मिळतं तेच आण. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नकोस, काही दिवसांत चिकट होऊन वास मारतं. मलमलच्या फडक्यावर चार थेंब, रेषांच्या दिशेनं हलक्या हातानं चोळ, थोडं मुरू दे, उरलेलं कोरडं पुसून काढ. कोरडा बोर्ड असेल तर बघता बघता पिऊन टाकतो आणि राखाडी रंग जाऊन गडद तपकिरी छटा वर येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा दे. त्यानंतर वर्षातून एकदोनदा पुरे. मेपलच्या लॅकर मारलेल्या बोर्डाला मात्र हे करायचं नाही, तुझी जुनी गिटार तशी आहे म्हणून सांगतो.

दुकानात या आठवड्यातच जा. तारा दहाच्या (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) घाल. जॅझमास्टरवर ब्रिजमागे तारेचा उतार कमी असतो, बारीक तारा खाचेतून सरकतात. आणि दसऱ्याला येशील तेव्हा गिटार घेऊन ये. पावसाळा सरून हवा कोरडी पडली की टोकं बाहेर आलीत का ते कळेल. आली असतील तर माझ्याकडे बारीक कानस आहे, एका दुपारचं काम आहे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अवि