पडद्यामागच्या निशाचरांचे आभार

आपला आकाशनिरीक्षकांचा गट लहान, पण खर्चाला त्याचं काय! चंद्राचे, शनीच्या कड्यांचे फोटो वर्षानुवर्षं साठत गेले, तसं ते साठवायच्या ऑनलाइन जागेचं भाडंही वाढत गेलं. यंदा मुदत संपायला दोन दिवस उरले असताना कुणीतरी गुपचूप पैसे भरले. पावतीवर नावाच्या जागी फक्त 'एक निशाचर'. निशाचर तर आपण सगळेच, त्यामुळे शोध तिथेच खुंटला. जे कोणी असाल, मनापासून आभार.

त्याहून जिकिरीचं काम गटाच्या ऑनलाइन चर्चा सांभाळणाऱ्यांचं. ग्रहणाच्या आदल्या रात्री एकाने लिहिलं, जुनी एक्स-रे फिल्म डोळ्यांपुढे धरली की सूर्य मस्त दिसतो. काही मिनिटांत तो मजकूर झाकला गेला. खाली कारणही होतं: फिल्ममुळे उजेड कमी वाटतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आत शिरतातच, दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा होताना पत्ताही लागत नाही. सूर्य पाहण्यासाठीच्या आयएसओ १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय मानकाचाच चष्मा वापरा. लिहिणाऱ्याला वेगळा निरोप गेला, चारचौघांत पाणउतारा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच पुठ्ठ्याच्या भोकातून भिंतीवर पाडलेल्या सूर्यकोरीचा फोटो टाकला!

फलज्योतिषाचा वाद मात्र दर दोन महिन्यांनी उगवतोच. आलटून पालटून मंद आणि तेजस्वी होणाऱ्या मीरा ताऱ्यालाही पुन्हा तेजाळायला साधारण ३३२ दिवस लागतात. हा वादही तुम्ही चर्चा सांभाळणारे न चिडता विझवता.

मलाही एकदा समज मिळाली होती. तेव्हा दिलेलं उर्मट उत्तर आज मागे घेतो.