सूचना : रविवारची उद्यान-फेरी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी आठ वाजता बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वाराशी जमून कान्हेरी लेण्यांच्या रस्त्याने फेरी काढण्यात येईल.

बाल्कनीच्या बंद काचेआड ऊन घेणाऱ्यांनी (आपल्यात असे बरेच आहेत) ध्यानात घ्यावे की, त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत, आणि कोवळ्या उन्हातही ते फारच कमी असतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे मिळतात. सकाळच्या उजेडाने मात्र शरीराचे घड्याळ जुळून रात्री झोप वेळेवर लागते.

त्वचाविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. माकडे पिशव्या हिसकावतात. खाऊ आणू नये.

— कार्यवाह