एव्हलिनची मारामारी : ओवीस पत्र

चि. ओवी हिस अनेक आशीर्वाद.

‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ पाहून झाल्यावर तू कळवलेस की सुरुवातीची मारामारी तुला फार आवडली, पण पुढे सिनेमा कुंग फू विसरून एव्हलिन आणि जॉय या आई-मुलीच्या रडण्याकडे वळला. तू स्वतः वुशू ही चिनी युद्धकला शिकतेस, त्यामुळे या बाबतीत तुझ्या मताला माझ्यापेक्षा अधिक वजन आहे, तरीही हे मत मला पटलेले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हा सिनेमा शेवटपर्यंत मारामारीचाच आहे, आणि आई-मुलीविषयी त्याला जे म्हणायचे आहे ते तो मारामारीतूनच म्हणतो. फोनवर हे सविस्तर सांगता आले नसते, म्हणून लिहीत आहे.

त्याआधी तुला एका जुन्या सिनेमाकडे नेतो. २००१ साली जेट लीचा ‘द वन’ आला. त्यातही समांतर विश्वे आहेत आणि प्रत्येक विश्वात एकाच माणसाचे एकेक प्रतिरूप आहे. त्यांपैकी एक मेले की त्याची शक्ती उरलेल्यांत वाटली जाते, हे कळलेला यूलॉ नावाचा माणूस विश्वाविश्वांत हिंडून आपल्याच १२३ प्रतिरूपांना मारतो आणि उरलेल्या शेवटच्या, गेब नावाच्या पोलिसाच्या मागे लागतो. दोन्ही भूमिका जेट लीच्याच आहेत. यूलॉ शिंगयी पद्धतीने लढतो: सरळ रेषेत पुढे, समोर येईल ते फोडत. गेब बाग्वा पद्धतीने लढतो: वर्तुळात पावले टाकत, उघड्या तळव्याने, समोरच्याचा जोर वळवून घेत. दोघांचा चेहरा एकच असला तरी पायांकडे पाहिले की कोण कोणता हे लगेच कळते, आणि दोघांचे स्वभावही त्या पावलांतच आहेत. सिनेमा म्हणून तो मला बेताचा वाटतो, पण ही एक कल्पना अस्सल आहे.

त्या सिनेमाच्या मारामारीची आखणी हाँगकाँगच्या कोरी युएन यांनी केली होती आणि त्यांच्या हाताखाली के हुई क्वान काम करीत होता. होय, तुझ्या सिनेमातला वेमंड, एव्हलिनचा नवरा. १९७१ साली सायगावमध्ये जन्मलेला, लहानपणी कुटुंबासह निर्वासित होऊन अमेरिकेत पोहोचलेला हा मुलगा १९८४ साली ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’मुळे जगभर माहीत झाला, मात्र मोठा झाल्यावर त्याच्या चेहऱ्याच्या माणसासाठी हॉलिवूडमध्ये भूमिकाच उरल्या नाहीत, तेव्हा तो कॅमेऱ्यामागे गेला आणि मारामारीची आखणी शिकला. कित्येक वर्षांनी अभिनयाकडे परतल्यावर त्याच्या वाट्याला वेमंड आला. आयकर कार्यालयातले ते दृश्य आता पुन्हा पाहा. कमरेला बांधायची साधी पिशवी तो सोडतो आणि तिच्या पट्ट्याने ती अशी फिरवतो की दोरीच्या टोकाला पाते बांधलेले जुने चिनी शस्त्रच आपण पाहत आहोत असे वाटावे. तिथे एकेका हालचालीचा आरंभ आणि शेवट स्वच्छ दिसतो. मारामारी आखणाऱ्याला स्वतः लढता येत असेल तर कॅमेरा हलवून काही लपवावे लागत नाही.

या सिनेमातली मारामारी अँडी ली आणि ब्रायन ली या भावांनी आखली. हे दोघे हाँगकाँगचे जुने सिनेमे पाहून पाहून स्वतःच शिकले आणि आपल्या लढतींच्या चित्रफिती यूट्यूबवर टाकत राहिले. तिथूनच डॅनियल क्वान आणि डॅनियल शाइनर्ट या दिग्दर्शकांना ते सापडले. एव्हलिनची भूमिका करणाऱ्या मिशेल यो यांचेही तसेच आहे. मलेशियातल्या इपोह गावी जन्मलेल्या या बाई लंडनला बॅले शिकायला गेल्या होत्या. पाठीच्या दुखापतीने ते सुटले आणि पुढे १९८५ साली ‘येस, मॅडम’साठी त्यांनी मारामारी शिकून घेतली. १९९२ साली ‘पोलीस स्टोरी ३’मध्ये धावत्या आगगाडीवर मोटारसायकल उडवण्याचे दृश्य त्यांनी स्वतः केले. नर्तकीच्या अंगात असलेला तोल त्यांच्या लाथेत अजून दिसतो. सिनेमातली एव्हलिन एका विश्वात प्रख्यात अभिनेत्री असते, तेव्हा पडद्यावर मिशेल यो यांचीच खरीखुरी जुनी छायाचित्रणे वापरलेली आहेत.

आता मुद्द्यावर येतो. ‘द वन’मध्ये माणूस आपल्या इतर रूपांना मारून बलवान होतो; एव्हलिन त्यांच्याकडून उसने घेते. गायिका एव्हलिनकडून ती श्वास घेते, स्वयंपाकी एव्हलिनकडून सुरीचा हात, आणि रस्त्यावर पिझ्झाच्या जाहिरातीची पाटी फिरवणाऱ्या एव्हलिनकडून ढाल फिरवायची सफाई. घेताना अट एकच, की त्या क्षणी कोणी करणार नाही असे काहीतरी विचित्र करायचे. वेमंड त्यासाठी लिप बाम चावून खातो. एव्हलिनला पहिल्यांदा कुंग फू हवे असते तेव्हा तिच्यावर कोणती अट पडते, ते तुझ्या लक्षात आले का? अंगावर धावून येणाऱ्या आयकर अधिकारी डिअड्रीला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे म्हणायचे, आणि ते मनापासून म्हणायचे. तोंडदेखले म्हटलेले चालत नाही. सगळे हसतात तिथे, मीही हसलो. पण सिनेमाचा शेवट काय होणार हे लेखकांनी त्याच ठिकाणी सांगून ठेवले आहे. तिच्या कुंग फूचा उगमच त्या वाक्यात आहे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेमंडचे दुसऱ्या विश्वातले रूप एव्हलिनला स्पष्ट सांगते की सर्व एव्हलिनांत तू सर्वांत अपयशी आहेस, तुझा प्रत्येक निर्णय फसला, आणि म्हणूनच तुझ्यात सगळ्यांत जास्त वाव शिल्लक आहे. सराव करणाऱ्या मुलीला यात काही नवे वाटू नये. जो डाव वारंवार फसतो त्याच डावाच्या आसपासचे दहा डाव शरीर शिकून बसलेले असते, हे मी तुझ्या स्पर्धांच्या वेळी बाकावर बसून पाहिले आहे.

तू ज्याला रडणे म्हणतेस ते जॉयचे प्रकरण पाहा. जोबू तुपाकी, म्हणजे जॉयचेच दुसऱ्या विश्वातले रूप, ही कोणी बाहेरची खलनायिका नाही. दुसऱ्या विश्वातल्या एव्हलिनने, जी अतिशय हुशार आणि यशस्वी शास्त्रज्ञ होती, आपल्या मुलीत असामान्य कुवत पाहिली आणि तिला तिच्या सोसण्यापलीकडे रेटले; त्या रेटण्यात मुलीच्या मनाच्या चिरफळ्या उडाल्या. ज्या विश्वातली आई सर्वांत यशस्वी, तिथेच मुलगी मोडली, असा तो हिशेब आहे. मुलांना पहाटे उठवून सरावाला नेणाऱ्या प्रत्येक आईबापाने हा भाग शांतपणे पाहिला पाहिजे असे मला तळमळीने वाटते. जोबूची मारामारीही निराळी आहे. तिला सर्व विश्वांतले सर्व काही येते, त्यामुळे ती कधी पवित्रा घेत नाही, तोल सांभाळत नाही, तिला काहीच पणाला लावावे लागत नाही. तिच्या लढतीत कौशल्य अमाप आहे आणि प्रयत्न शून्य. तिने बनवलेले ते काळे बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, त्याचेच चित्र आहे: जगातले सगळे त्यावर रचले आणि मधोमध भोक उरले. एव्हलिन कपाळावर चिकटवते तो खेळण्यातला डोळा त्याच्या बरोबर उलट आहे, बाहेर पांढरा आणि मध्ये काळा ठिपका.

आता शेवटची जिन्यावरची लढत. वेमंड सर्वांना दयेने वागण्याची विनवणी करतो आणि मी असाच लढतो असे सांगतो. त्यानंतर एव्हलिनची पद्धत बदलते. इथे सिनेमा कुंग फू सोडतो असे तू म्हणतेस, पण तिचे हात पाहा. वेग तोच आहे, अंतराचा अंदाज तोच, आणि वार चुकवून आत शिरणेही तेच. आत शिरल्यावर मात्र ती मारत नाही. समोरच्याला काय हवे आहे ते हेरून देते. एकाची आखडलेली मान मोकळी करते, दुसऱ्याला त्याच्या दिवंगत पत्नीच्या अत्तराचा वास देते, डिअड्रीला मिठी मारते. बंदुकीच्या गोळीचाही ती तसलाच खेळण्यातला डोळा करते. प्रतिस्पर्ध्याला इतके बारकाईने वाचणे हे चांगल्या लढवय्याचेच काम आहे, आणि गेबच्या बाग्वासारखा इथेही समोरून आलेला जोर वळवला जातो. ते दृश्य भावनेने ओथंबलेले आहे हे खरे. पण आखणीच्या दृष्टीने तेच सर्वांत अवघड असणार, कारण प्रत्येक माणसासाठी डाव वेगळा आणि त्याचा शेवट वेगळा.

एका बाबतीत मी तुझ्याशी सहमत आहे. ट्रॉफी घेऊन होणारी ती अचकट लढत ताणलेली आहे आणि ती निम्मी असती तरी चालले असते. मार्च २०२३ मध्ये या सिनेमाला सात ऑस्कर मिळाले; मिशेल यो प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या आशियाई ठरल्या, के हुई क्वानलाही पुरस्कार मिळाला, आणि संकलनाचा मिळाला तो तर सर्वस्वी योग्यच होता. मारामारी आखणाऱ्यांसाठी मात्र तेव्हा ऑस्करमध्ये पुरस्कारच नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटते. ली बंधूंनी ती आखणी केली नसती तर वेमंडची ती पिशवी कमरेलाच राहिली असती.

‘द वन’ची शेवटची लढत पाहून घे, त्यात फक्त पायांकडे लक्ष दे, आणि मग जिन्यावरचा प्रसंग पुन्हा लाव. एव्हलिन शिंगयीकडून बाग्वाकडे सरकते असे मला दिसते. तुझ्या शिक्षकांना आणि तुला ते तसे दिसते का, की मी पडद्यावर नसलेले पाहतो आहे, ते सविस्तर कळव. आईने आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझे,
बाबा