जुने चित्रपट संथ की आपले पाहणे उतावीळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मराठी चित्रपटांविषयी वाचक जे लिहितात ते मी आवर्जून वाचते. अलीकडे त्यात एक तक्रार वारंवार दिसू लागली आहे. हे चित्रपट चांगले असले तरी फार संथ आहेत आणि आजच्या मुलांना ते शेवटपर्यंत पाहवत नाहीत, अशी ती तक्रार आहे. ती अगदीच खोटी नाही. परंतु या संथपणात चित्रपटाचा वाटा किती आणि आपण तो ज्या रीतीने पाहतो तिचा वाटा किती, याचा विचार झालेला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) पाहा. पैशाच्या लोभाने वयस्क विधुराच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, एवढीच कथा. पण शांता आपटे आणि केशवराव दाते यांनी ती अशी उभी केली आहे की दोघांपैकी कोणाचाच राग धरता येत नाही. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आणि रस्त्यावरचे जे आवाज प्रसंगात असतील तेवढेच ऐकू येतात, आणि त्यांत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ही जणू तिसऱ्या पात्रासारखी वावरते. म्हाताऱ्याला आपले वय आठवून देणारे ते घड्याळ काळोख्या, शांत चित्रपटगृहात ऐकताना जीव कोंडतो. तोच प्रसंग मोबाइलवर, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या आणि दुसरीकडे दाराशी भाजीवाल्याची हाक चालू असताना पाहिला, तर एक माणूस नुसता गप्प बसला आहे एवढेच दिसणार, आणि मग पाहणाऱ्याने बोटाने दृश्य पुढे सरकवले तर त्याला दोष कसा द्यावा?

मी ‘कुंकू’ प्रथम पाहिला तो टॉकीजमध्ये, सकाळच्या कमी दराच्या खेळाला, आणि माझ्या आसपास बहुतेक बायकाच होत्या. नीरा नवऱ्याला उलट उत्तर देते तेव्हा मागच्या रांगेतल्या एक नऊवारीतल्या आजी ‘बरं केलंस गं पोरी!’ असे एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पुढचे दोन संवाद कोणालाच ऐकू आले नाहीत. पुढचे संवाद मी नंतर कितीदा तरी ऐकले असतील. त्या आजींची दाद मात्र कोणत्याही तबकडीत मिळायची नाही. त्या काळी चित्रपट रचताना प्रेक्षकांच्या हसण्याला, हळहळण्याला जागा सोडलेली असे, आणि घरी एकट्याने पाहताना तीच जागा रिकामी राहून आपल्याला संथ वाटते, असे माझे मत आहे.

‘संत तुकाराम’विषयी (१९३६) नव्याने काही सांगावे असे उरलेले नाही, मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सलग ५७ आठवडे चालला हे सर्वांना पाठ आहे. त्यात तुकोबा साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीस यांची स्तुतीही पुष्कळ झाली आहे. माझा जीव मात्र गौरी यांनी रंगवलेल्या जिजाईवर, तुकोबांच्या बायकोवर आहे. आजारी पोराला फरपटत घेऊन, दुसऱ्या हातात पायताण धरून, विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी ती बाई आपल्या खानापूर-निपाणीकडच्या कोणत्याही गावात आजही भेटेल. त्यातले ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवले यांनी लिहिलेले पद कीर्तनात तुकोबांचा अभंग म्हणून गायलेले मी स्वतः ऐकले आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या बेळगाव भागातील वाचकांपुढे मांडावीशी वाटते. ‘कुंकू’ आणि ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली आणि १९३३ साली ती पुण्यास गेली, त्यामुळे मराठी चित्रपटाचा इतिहास या दोन शहरांपुरता सांगण्याची प्रथा पडली आहे. पण ‘माणूस’मधली (१९३९) मैना साकारणाऱ्या शांता हुबळीकर यांचा मुलूख त्यांच्या नावातच आहे, आणि अभिनेत्री लीला चिटणीस यांचा जन्म धारवाडचा. ‘कशाला उद्याची बात’ या मैनेच्या गाण्यात तर निरनिराळ्या भारतीय भाषांतली कडवी आहेत. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बसस्टँडवर दोन्हींची सरमिसळ अशा वातावरणात वाढलेल्या आम्हांला ते गाणे ऐकताना परके असे काहीच वाटत नाही.

तमाशापटांबद्दल मात्र माझे मत अनेकांना रुचणार नाही. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेला ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) मला प्रिय आहे, परंतु त्याच्या यशानंतर पाटील, फड आणि लावणी यांची जी रांग लागली तिच्यातले फारच थोडे चित्रपट दुसऱ्यांदा पाहण्याजोगे आहेत. त्यापेक्षा राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मी कितीही वेळा पाहीन.

आता विनंती. बेळगावात आज चित्रपटगृहे नाहीत असे नाही. पण नव्या मराठी चित्रपटालाच जिथे दिवसातून एखादा अडनिड्या वेळेचा खेळ मिळतो, तिथे जुन्याला कोण विचारणार? तरीही रविवारी सकाळी पडदे रिकामेच असतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून जुने चित्रपट जपले आहेत, आणि आता अशा चित्रपटांच्या डिजिटल प्रतीही होऊ लागल्याने रिळांचे डबे वाहून आणण्याची कटकट उरलेली नाही. आपल्या शहरातील वाचनालये, महाविद्यालये आणि नाट्यसंस्था यांपैकी कोणी एकाने पुढाकार घेऊन, हक्कधारकांची रीतसर परवानगी काढून, महिन्यातून एक खेळ लावला तर वर्गणी भरणाऱ्यांत माझे नाव पहिले धरावे. तिकीट असावे, फुकट खेळाला लोक मध्येच उठून जातात.

सुरुवात ‘संत तुकाराम’ने करू नये, कारण तो आपण पाहिला आहे असे न पाहिलेल्यांनाही वाटते. पहिला खेळ ‘शेजारी’चा (१९४१) लावावा. जिवबा आणि मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांमध्ये धरण बांधू पाहणारा धनिक कशी फूट पाडतो आणि ते धरण फुटताना दोघे कसे पुन्हा एकत्र येतात, ही त्याची गोष्ट. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांची त्यातली कामे मोठ्या पडद्यावरच पाहावीत अशी आहेत. शक्य झाल्यास पडद्याच्या तळाशी संवादांचे कन्नड भाषांतर द्यावे. आमच्या गल्लीतली निम्मी घरे कन्नड बोलणारी आहेत, आणि त्यांतल्या दोघी-तिघींनी यायचे आत्ताच कबूल केले आहे.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव